लेझरआधी बधिर करणारं क्रीम दोन्ही पायांना लावावं का? मदत हवी आहे

नमस्कार. इथे डॉक्टर, फार्मासिस्ट मंडळी आहेत म्हणून विचारते. जरा तातडीचं आहे.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. पायांवरचे केस काढायला ती लेझर करून घेतेय. सेंटरवाल्यांनी एक पांढरी डबी दिलीय. येण्याआधी तासभर मांडीपासून घोट्यापर्यंत जाड थर लावायचा आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं. डबीवर औषधाचं नाव नाही, टक्केवारी नाही, बॅच नंबर नाही. फोन केला तर म्हणे, 'लिग्नोकेन आहे, दहा टक्के. सगळ्यांना तेच देतो.'

मागच्या खेपेला तेच क्रीम फक्त हातांना लावलं होतं. तेव्हा तिचे ओठ बधिर झाले, कानात गुणगुण सुरू झाली, गरगरलं. थोड्या वेळाने आपोआप थांबलं. सेंटरवाले म्हणाले, उपाशी आली असेल. पण ती जेवून गेली होती! क्रीम हाताला आणि बधिर ओठ, हे मला पटतच नाही.

अमेरिकेच्या एफडीएने 2007 मध्ये याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता. 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुलींनी लेझरआधी असंच क्रीम पायांना लावून प्लास्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि वारल्या. हे वाचल्यापासून झोप नाही. बहिणीचं वजन 46 किलो, कुठलाही आजार नाही. किती क्रीम चालतं? परवाची अपॉइंटमेंट आहे.

प्रतिसाद

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. परवाचं रद्द करा आणि ती डबी पुन्हा वापरू देऊ नका.

ओठ बधिर होणं, कानात आवाज, चक्कर ही औषध रक्तात जास्त गेल्याची पहिली लक्षणं आहेत. तोंडात धातूसारखी चवही येते. त्यापुढे स्नायू उडणं, झटके, मग हृदयाचे ठोके बिघडणं. त्यावर 20 टक्के लिपिड इमल्शन (तेलाचं दुधासारखं पांढरं द्रावण) शिरेतून द्यावं लागतं, ते पार्लरमध्ये नसतं.

हिशोब बघा. एकट्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनची मर्यादा साधारण किलोमागे 4.5 मिग्रॅ, म्हणजे बहिणीसाठी जेमतेम 207. दहा टक्क्यांच्या 30 ग्रॅम क्रीममध्ये 3000 मिग्रॅ असतं. अखंड कातडीतून त्यातलं थोडंच आत जातं, म्हणून बहुतेकींचं निभावतं. पण नुकतंच वस्तरा फिरवलेली कातडी, प्लास्टिक, उष्णता आणि एवढा मोठा भाग एकत्र आले की किती आत जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. पुसून टाकलं तरी कातडीत मुरलेलं औषध आत जातच राहतं. म्हणून 'किती चालतं' याचा आकडा या डबीसाठी मी देणार नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे करा. मागच्या वेळचं सगळं सांगा. पायांना बहुधा गार हवेचं यंत्र किंवा बर्फ पुरतो. क्रीम लागलंच तर कंपनीचं, 2.5 टक्के लिग्नोकेन आणि 2.5 टक्के प्रायलोकेनचं (हेही बधिर करणारंच औषध), लहान भागापुरतं, त्यांच्या नजरेसमोर. प्रायलोकेनने क्वचित ओठ निळसर पडतात. तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. अपॉइंटमेंट रद्द केली, बहिणीलाही हे वाचून दाखवलं. आता एकच विचारायचंय: बिनलेबलची डबी देणं कायद्यात बसतं का? अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना डबी पुरावा म्हणून द्यावी लागेल का? कुणी अशी तक्रार केली असेल तर कृपया सांगा, कारण तिथे रोज मुली येतात.