मदत हवी आहे: जुन्या गाडीचे इंजिन आयडलिंगला थरथरते, इंजेक्टर क्लीनर वापरावा का?

माझी गाडी १८ वर्षे जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी असून तिला मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर) आहे. थंड इंजिन व्यवस्थित चालते. मात्र ते गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, आरपीएमचा काटा ८०० वरून ६०० पर्यंत घसरतो, स्टेअरिंग थरथरते आणि आरशातले प्रतिबिंब अस्पष्ट होते. १,५०० आरपीएमच्या वर काहीही जाणवत नाही. एसीचा यात संबंध नाही, आणि चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही.

स्पार्क प्लग व एअर फिल्टर नवे घातले, थ्रॉटल बॉडी साफ केली, इग्निशन कॉइल आपसांत बदलून पाहिल्या आणि इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर फवारून हवेची गळतीही तपासली. फरक पडला नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे आहे. इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले, तेव्हा तिसरा काढल्यावर आरपीएम इतरांच्या वेळेइतके घसरले नाहीत, म्हणजे तो सिलिंडर आधीच नीट काम करत नसावा, म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारे वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारी झडप) तपासायचा राहिला आहे.

गॅरेजमध्ये इंजिन फ्लशही सुचवला गेला. तो ऑइलच्या बाजूचा उपाय असल्याने इंजेक्टरला त्याचा काय उपयोग, हे मला उमगत नाही. उलट जुना गाळ सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबण्याचीच भीती वाटते.

तेव्हा पॉलिइथरअमीन (इंजेक्टरवरचा थर काढणारे रसायन) असलेला क्लीनर टाकीत घालून एक-दोन टाक्या वाट पाहावी, की इंजेक्टर काढून थेट अल्ट्रासॉनिक पद्धतीने साफ करून घ्यावेत, आणि त्याआधी पीसीव्हीखेरीज आणखी काय तपासावे?