यादीतील छायाचित्र बोटाने सरकवताना स्वाइप नीट ओळखला जात नाही (अँड्रॉइड)

प्रश्न (चाटी गल्ली, सोलापूर)

नमस्कार. चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या एका दुकानासाठी मी कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत अँड्रॉइडचे अ‍ॅप लिहीत आहे. मालाची यादी वर-खाली सरकते आणि यादीतील प्रत्येक चादरीच्या छायाचित्रावर बोट आडवे ओढले की तिचा पुढचा रंग किंवा पुढची नक्षी दिसावी, अशी मांडणी आहे. बोट टेकल्यावर आडवे स्थान नोंदवायचे, उचलल्यावर पुन्हा पाहायचे आणि फरक 100 हून अधिक असेल तर स्वाइप झाला असे मानायचे, एवढेच मी ऑनटचइव्हेंट या स्पर्श हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये लिहिले आहे. बोटाबरोबर छायाचित्रही सरकते.

माझ्या फोनवर हे बरे चालते, परंतु दुकानातील स्वस्त फोनवर बोट बरेच लांब ओढावे लागते. बोट थोडे जरी तिरके गेले तरी यादी सरकू लागते आणि छायाचित्र अर्ध्यावरच अडकून राहते. म्हणून मी बोटाच्या खुणा ओळखणारा जेश्चरडिटेक्टर वापरून ऑनफ्लिंगवर, म्हणजे बोट झटक्याने ओढून उचलल्यावर येणाऱ्या सूचनेवर, विसंबून पाहिले. ते माझ्या हाताला जमते, पण दुकानाचे मालक वयस्क आहेत. ते बोट सावकाश नेतात, नक्षी पाहत क्षणभर थांबतात आणि मग उचलतात, तेव्हा काहीच घडत नाही. शिवाय डाव्या कडेपासून ओढले तर अ‍ॅपच मागच्या पानावर जाते. गड्ड्याच्या यात्रेआधी हे काम पूर्ण करून द्यायचे आहे. चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर (जुळे सोलापूर)

पहिल्या दोषाचे कारण आपल्या 100 या आकड्यातच आहे, कारण मोशनइव्हेंट (स्पर्शाची प्रत्येक नोंद) जे अंतर देतो ते पिक्सेलमध्ये असते. 480 डीपीआयच्या (दर इंचाला 480 पिक्सेल) पडद्यावर 100 पिक्सेल म्हणजे साधारण 5 मिलिमीटर, तर 240 डीपीआयच्या पडद्यावर तेच अंतर साडेदहा मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणजे स्वस्त फोनच्या गिऱ्हाइकाला आपण दुप्पट ओढायला लावत आहात. मर्यादा डीपीमध्ये, म्हणजे पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेल्या एककात, ठरवून फोनच्या घनतेने गुणावी. बोटाची नुसती थरथर आणि खरी हालचाल यांतील सीमारेषा मात्र स्वतः ठरवू नये. ती व्ह्यूकॉन्फिगरेशनच्या टचस्लॉपमधून घ्यावी. मूळ अँड्रॉइडमध्ये ती 8 डीपी आहे.

ऑनफ्लिंगचे म्हणाल तर ते मालकांच्या हाताला साथ देणारच नाही. बोट उचलतानाचा वेग किमान मर्यादेपेक्षा अधिक असेल तरच ते बोलावले जाते. ही मर्यादा मूळ अँड्रॉइडमध्ये सेकंदाला 50 डीपी, म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटर आहे, त्यामुळे सावकाश ओढणे हे त्यामागचे कारण नाही. उचलण्याआधी बोट थांबते तेव्हा वेग शून्याजवळ येतो आणि आधी कापलेले सारे अंतर वाया जाते. त्यामुळे बोट उचलल्यावर दोन कसोट्या लावाव्यात आणि त्यांतील एक उतरली तरी पुरेसे मानावे: छायाचित्राच्या रुंदीच्या एक-चतुर्थांशाहून अधिक अंतर कापले गेले असावे, किंवा ओढण्याच्या दिशेनेच पुरेसा वेग असावा. वेगासाठी व्हेलॉसिटीट्रॅकरला प्रत्येक हालचाल द्यावी आणि शेवटी 1000 हे एकक देऊन वेग विचारावा, म्हणजे तो पिक्सेल प्रतिसेकंद मिळतो. एक-चतुर्थांश हा माझा अंदाज आहे. तो मालकांच्या हातात फोन देऊनच पक्का करावा.

उत्तर (होटगी रस्ता)

वरील उत्तर योग्य आहे, तथापि छायाचित्र अडकण्याचे मूळ वेगळे आहे आणि माझ्या मते तोच या प्रश्नाचा गाभा आहे. बोट छायाचित्रावर टेकलेले असले तरी प्रत्येक घटना आधी बाहेरच्या यादीच्या ऑनइंटरसेप्टटचइव्हेंट या स्पर्श मध्येच अडवू शकणाऱ्या फंक्शनमधून जाते. उभ्या रिसायकलरव्ह्यूमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या सरकत्या यादीत, उभे अंतर टचस्लॉपच्या पलीकडे गेले की यादी तो स्पर्श स्वतःकडे घेते. त्या वेळी आडवे अंतर किती मोठे आहे याची तुलना ती करत नाही. म्हणजे बोट 40 डीपी आडवे आणि 9 डीपी उभे गेले तरी यादीच जिंकते. त्यानंतर छायाचित्राला बोट उचलल्याची घटना मिळतच नाही, त्याऐवजी अ‍ॅक्शन कॅन्सल, म्हणजे स्पर्श रद्द झाल्याची घटना, मिळते. आपला कोड केवळ अ‍ॅक्शन अपची, म्हणजे बोट उचलण्याची, वाट पाहतो, म्हणून छायाचित्र जिथल्या तिथे राहते. कॅन्सल आल्यावर ते मूळ जागी परत न्यावे. हे दोन ओळींचे काम आहे, पण ते राहून गेले की अ‍ॅप बिघडल्यासारखे दिसते.

तिरक्या बोटासाठी असे करावे. बोट टेकताच छायाचित्राने रिक्वेस्टडिसअलाउइंटरसेप्टटचइव्हेंटला खरे हे मूल्य देऊन यादीला थांबण्याची विनंती करावी. पुढे कोणत्याही दिशेने टचस्लॉप ओलांडला गेला की तिथेच निर्णय घ्यावा: आडवे अंतर उभ्यापेक्षा मोठे असेल तर विनंती कायम ठेवावी, नाहीतर खोटे हे मूल्य देऊन यादीला मोकळे करावे. हा निर्णय एकदाच घ्यावा आणि बोट उचलेपर्यंत बदलू नये. अन्यथा मध्येच यादी आणि मध्येच छायाचित्र अशी ओढाताण सुरू होते व वापरणाऱ्याचा विश्वास उडतो. विनंती आधीच करण्याचे कारण असे, की एकाच हालचालीत दोन्ही दिशांची मर्यादा ओलांडली गेली तर यादीची पाळी आधी येते आणि छायाचित्राला बोलण्याची संधीच उरत नाही.

उत्तर (अक्कलकोट रस्ता)

डाव्या कडेचा प्रश्न कोडने जिंकण्याचा हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते. अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, कडेवरून ओढणे ही ‘मागे’ जाण्याची खूण आहे. सेटसिस्टमजेश्चरएक्सक्लूजनरेक्ट्स वापरून कडेचा काही भाग वगळता येतो, पण प्रत्येक कडेला एकूण उंची 200 डीपीपर्यंतच मानली जाते, आणि सरकत्या यादीत ती कोणत्या चादरीला द्यायची? त्यापेक्षा छायाचित्र कडेपासून आत घ्यावे.

याशिवाय छायाचित्राच्या दोन्ही बाजूंना बाणाची बटणे अवश्य ठेवावीत. टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) चालू असताना एका बोटाने आडवे ओढले की वाचनाचा रोख पुढच्या घटकावर जातो आणि ते ओढणे अ‍ॅपपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांनाही चादरीचा रंग निवडता आला पाहिजे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मर्यादा डीपीमध्ये आणली, कॅन्सल हाताळले आणि निर्णय एकदाच घेण्याची रीत बसवली. आज मालकांनी दुकानातील स्वस्त फोनवर मयूरपंखी चादरीचे सर्व रंग न अडखळता पाहिले. बाणाची बटणेही घातली आहेत. एकच अडचण उरली आहे: वीण जवळून पाहण्यासाठी दोन बोटांनी छायाचित्र मोठे करताना अधूनमधून पुढचा रंग येतो.

उत्तर (होटगी रस्ता)

दुसरे बोट टेकताच अ‍ॅक्शन पॉइंटर डाउन येते. ते आले की चालू स्वाइप रद्द करून छायाचित्र जागी न्यावे आणि सर्व बोटे उचलली जाऊन पुन्हा अ‍ॅक्शन डाउन येईपर्यंत नवा स्वाइप मोजू नये. यादीला केलेली विनंती मात्र तोवर तशीच ठेवावी, नाहीतर वीण पाहता पाहता यादी सरकेल.