नौकरीवर प्रोफाइल टाकून सहा महिने झाले, कामाचा एकही फोन नाही. कुठे चुकतंय?

अंबडची_क्वालिटी:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल डिप्लोमावाली. नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत सात वर्षं क्वालिटीत आहे. नवऱ्याची बदली पुण्याला झाली, म्हणून चाकण-भोसरीकडे बघतेय. नौकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन दोन्हीवर आहे, रोज पाच-सहा अर्ज टाकते. सहा महिन्यांत फोन आले तीन. एक विमा विकणारा, एक कॉल सेंटरचा आणि एक "मॅडम, रजिस्ट्रेशनचे २,५०० भरा, पुढच्या आठवड्यात जॉइनिंग".

हेडलाइन आहे 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड'. हुद्दा 'ऑफिसर ग्रेड २'. नोटीस पीरियड तीन महिने. रिझ्यूमे भाच्याने छान रंगीत करून दिलाय, दोन कॉलम, फोटो वगैरे. लिंक्डइनवर जास्त हालचाल करायची भीती वाटते, आमचे साहेब तिथे पडीक असतात.

भरतीवाला_पिंपरी:
ताई, मी पलीकडच्या खुर्चीत बसतो. अकरा वर्षं कंपन्यांना माणसं शोधून देतोय. आधी ते २,५०० बघू. भरले नसतील तर उत्तम. माझी फी कंपनी देते, बहुतेक वेळा वार्षिक सीटीसीच्या (वर्षाच्या एकूण पगार-पॅकेजच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथेच ब्लॉक करायचा.

आता तुम्ही दिसत का नाही ते. परवा चाकणच्या एका कंपनीसाठी तुमच्यासारखंच माणूस हवं होतं. मी शोधपट्टीत टाकलं: क्वालिटी इंजिनिअर, सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन), पीपॅप (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या उद्योगाचं क्वालिटी मानक). मग अनुभव ५ ते ८ वर्षं, ठिकाण पुणे, नोटीस एक महिन्याच्या आत, गेल्या पंधरा दिवसांत साइटवर येऊन गेलेले. चारशेच्या वर नावं होती, चाळून अडतीस उरली. त्यातल्या अकरा जणांना फोन केले आणि चहाला गेलो. 'मेहनती' हा शब्द मी आयुष्यात कधी टाइप केलेला नाही.

'ऑफिसर ग्रेड २' हे तुमच्या कंपनीचं घरातलं नाव, बाहेर कुणाला कळणार? कागदावर आहे ते ठेवा (पुढे पडताळणी होते, तिथे गोंधळ नको), पण शेजारी 'क्वालिटी इंजिनिअर' लिहा. हेडलाइनमध्ये आणि की स्किल्समध्ये रोज हाताळता ती नावं घाला: पीपॅप, एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर), एमएसए (मापनपद्धतीची तपासणी), एट-डी (तक्रारीचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत). सीएमएम चालवत असाल तर सॉफ्टवेअरसकट, पीसी-डीमिस की कॅलिप्सो ते. नुसतं 'कॉम्प्युटरचं ज्ञान' काढून टाका. पसंतीच्या ठिकाणांत पुणे टाकलंय ना? नसेल तर वरच्या चाळणीत तुम्ही तिथेच गळालात.

नोटीस खोटी लिहू नका. पण बायआउट (उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटणं) चालतं का, तीनाचे दोन महिने होतात का, हे नेमणूकपत्रात बघा आणि होत असेल तर हेडलाइनमध्येच लिहा. तीन महिने दिसले की आमच्यातले बरेच जण पुढचं वाचतच नाहीत. वाईट आहे, पण आहे.

आणि भाच्याला सांगा, राग मानू नको. पीडीएफ उघडा, सगळं कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल साधारण तेच रिझ्यूमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतं. त्या कौशल्यांच्या पट्ट्या असतील तर त्याही काढा. ८० टक्के सीएमएम म्हणजे काय, उरलेली बाजू शेजारी मोजून देतो?

हिरवी_चौकट:
साहेबांच्या भीतीबद्दल मी बोलतो, कारण पोळलोय. लिंक्डइनच्या 'ओपन टू वर्क'मध्ये दोन पर्याय असतात, सगळ्यांना दिसेल असा आणि फक्त रिक्रूटरना दिसेल असा. मी घाईत पहिला निवडला, फोटोभोवती हिरवी चौकट आली आणि सकाळी साडेनऊला केबिनमध्ये बोलावणं. तुम्ही दुसरा निवडा. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. नौकरीवर कंपन्या ब्लॉक करता येतात, तिथे स्वतःची टाका. ग्रुपच्या भगिनी कंपन्याही टाका, मी त्या विसरलो होतो.

गेज_रूम:
एवढं सगळं करून शेवटी ओळखीनेच होतं हो. तुमचा जुना सप्लायर क्वालिटीवाला आज कुठे आहे? त्याला फोन लावा.

अंबडची_क्वालिटी:
दोन आठवड्यांनी येतेय. पैसे भरले नव्हते. नोटपॅडमध्ये माझा मोबाइल नंबर दहावीच्या टक्क्यांना चिकटला होता आणि कंपनीचं नाव 'छंद'खाली! भाचा रुसलाय. साधा एका कॉलमचा रिझ्यूमे केला, हेडलाइन बदलली, रोज सकाळी लॉगिन करते. चार फोन आले. दोन नोटीस ऐकून संपले. एकाने पीसी-डीमिसवर किती वर्षं एवढंच विचारलं. एक इंटरव्ह्यू सोमवारी, भोसरीला.

एक विचारायचं होतं. मुलीच्या वेळी चौदा महिने घरी होते. ते तारखांमध्ये झाकू का?

भरतीवाला_पिंपरी:
झाकू नका. 'बाळंतपण व संगोपन, १४ महिने', एक ओळ बास. पीएफच्या नोंदीत खंड दिसतोच. ग्राहकाकडच्या तक्रारी कमी केल्या असतील तर तो आकडा मात्र तोंडावर ठेवा.

अंबडची_क्वालिटी:
४५० पीपीएमवरून (दहा लाख पार्टांमागे खराब निघालेले) १२० वर आणलं होतं, आमच्या लाइनवर! हे कुठेच लिहिलेलं नाही मी. आत्ता पीपॅपची अठरा एलिमेंट्स पाठ करत बसलेय.

भरतीवाला_पिंपरी:
पाठांतर राहू द्या. पीपॅपच्या लेव्हल तीनला तुम्ही स्वतः काय काय भरून पाठवलंत ते सांगा. आणि ते ४५०-१२० आज रात्रीच प्रोफाइलवर चढवा.