तेजोमेघ, अभ्रिका की नेब्युला?

म्हापशाची शिक्षिका: शाळेच्या भित्तिपत्रकावर हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी पाठवलेली नेब्युलांची, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांची, चित्रं लावतोय. मुलं थक्क होऊन बघत बसतात, पण नावावरून भांडण लागलंय. एकाने 'तेजोमेघ' लिहिलंय, दुसऱ्याने 'अभ्रिका', तिसऱ्याने हिंदी चॅनेलवरून 'निहारिका' उचललंय. एकीने तर विचारलं, "बाई, अभ्रिका अभ्रकाची असते?" काय ठेवू?

डिचोलीकर: तेजोमेघ. डोळे मिटून. ऐकल्याबरोबर चित्र उभं राहतं.

फोंडेकर: डोळे उघडलेत तर पंचाईत होईल, डिचोलीकर! मृगातली ती घोड्याच्या डोक्यासारखी नेब्युला घ्या. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेच्या एका फोटोकाचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना ती सापडली. मागे हायड्रोजनचा तांबडा उजेड आहे आणि त्याच्यापुढे धुळीचा दाट ढग आडवा आलाय, म्हणून तो आकार दिसतो. ढगाला स्वतःचं तेज नाहीच. त्याला तेजोमेघ म्हणणं म्हणजे अवसेला पुनव म्हणण्यातला प्रकार. 'अभ्र' म्हणजे नुसता ढग, उजळ की काळा याची हमी तो शब्द देत नाही. माझं मत अभ्रिकेला.

आणि बाई, त्या मुलीचा कान तयार आहे. अभ्रकाचं नावही अभ्रावरूनच आलंय.

निहारिका अर्थाने खरं तर सगळ्यात जवळची. नीहार म्हणजे धुकं, आणि लॅटिनमध्ये नेब्युलाचा अर्थही तोच. पण मराठीत ती मुलींच्या नावातच जास्त भेटते.

मडगावकर: जुन्या लेखनात देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेलाही (म्हणजे गॅलेक्सीलाही) नेब्युला म्हटलेलं आढळतं. ते चूक का?

फोंडेकर: त्या काळी बरोबर होतं. दुर्बिणीत जे जे धूसर दिसे ते सगळं नेब्युला. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानीत एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा मिळाला, त्यावरून अंतर काढता आलं आणि ती आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आजच्या हिशेबाने सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

पेडण्याची वाचक: बाई, 'मृग नक्षत्रात' लिहाल तिथे जपून हं. कोंकणीत साध्या ताऱ्यालाही नखेत्र म्हणतात. आमच्या घरची पोरं एकच तारा शोधत बसली होती.

म्हापशाची शिक्षिका: हे ध्यानात आलंच नव्हतं! आणखी एक. चित्राखाली 'वेबमधून अशी दिसते' लिहिलं तर चालेल?

फोंडेकर: 'दिसते' नको. मृगाच्या बाणाखालची अभ्रिका काळोख्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनीही अंधुक ठिपक्यासारखी दिसते. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत मी ती दुर्बिणीतून बघितलीय. पिसारलेला राखाडी धूसरपणा, रंग नावाला नाही, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. तरी मी तिथून हलेना, मागची रांग कुरकुरायला लागली.

वेब मुख्यतः अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपते. तो आपल्याला दिसतच नाही, म्हणून मिळालेल्या नोंदींना मागाहून रंग देतात: आखूड तरंगलांबीला निळा, लांब तरंगलांबीला तांबडा. रंग दिलेले असले तरी माहिती खरीच. गरुड अभ्रिकेतल्या धुळीच्या खांबांची हबल आणि वेब दोन्हींची चित्रं शेजारी लावा. हबलच्या १९९५ च्या चित्रात ते भरीव वाटतात. वेबच्या २०२२ च्या चित्रात तेच विरळ होतात आणि कडेला नुकतेच जन्मलेले तांबडे तारे उघडे पडतात, कारण अवरक्त प्रकाश धुळीतून बराच पार होतो. तेव्हा 'वेबने अवरक्त प्रकाशात टिपलेली' असं लिहा.

डिचोलीकर: बरं, अभ्रिका मान्य. पण मृगाच्या बाणाखालची ती उजळवाली मी तेजोमेघच म्हणणार.

फोंडेकर: म्हणा की! तिला शोभतंही. फक्त 'ग्रहीय तेजोमेघ' तेवढा टाळा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना त्या अभ्रिका ग्रहाच्या बिंबासारख्या गोल दिसल्या म्हणून इंग्रजीत 'प्लॅनेटरी नेब्युला' हे नाव पडलं. ग्रहांशी संबंध काडीचा नाही, म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू तो. त्यांना बिंबाभ्रिका म्हणा.

म्हापशाची शिक्षिका: बिंबाभ्रिका घेतला. अभ्रकवाल्या मुलीलाच लिहायला देते, अक्षर तिचं चांगलं आहे.