उंबरठा बघितला आणि घरात अबोला, माझं काही चुकतंय का?

शेंगाचटणी
रविवारी दुपारी मिस्टर आणि मी उंबरठा बघत बसलो, 1982 चा, जब्बार पटेलांचा. कॉलेजात असताना बघितलेला तेव्हा नुसतं सुन्या सुन्या मैफलीत लक्षात राहिलं होतं, आता लग्नाला 11 वर्षं झाल्यावर पिक्चर वेगळाच दिसला. सुलभा नोकरीसाठी परगावी जाते, सुधारगृह सांभाळते, पोरगी जावेकडे, आणि परत येते तर नवरा सुभाष सांगतो दुसरी बाई आहे म्हणून. ह्यावर मिस्टर म्हणाले, "तो तरी काय करणार, बायकोच घर सोडून गेली की." अगदी सहज म्हणाले.

आता आमचं सांगते. मिस्टर 4 वर्षं झाली पुण्याला आहेत, शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसनं परत. मी इथं सोलापुरात सासूबाई आणि पोराला घेऊन. मी कुठं गेले? घर सोडून तर ते गेलेत ना. ओठावर आलं होतं पण बोलले नाही, गप कडक भाकरी आणि चटणी डब्यात भरली, झाकण नीट बसेना तर दोनदा काढून लावलं, तोवर ते झोपले. तेव्हापासून फोनवर फक्त पोराचा अभ्यास आणि लाइट बिल. मी एवढं मनाला लावून घेतलं हे चुकलं का?

पूर्वभाग
ताई, वाईट मानू नका, पण सुभाषनं निदान लपवलं नाही, स्वतःहून सांगितलं. लपवणारे कमी आहेत का? मिस्टर पिक्चरबद्दल बोलले, तुमच्याबद्दल नाही. एवढं ताणू नका.
(जब्बार पटेलांची शाळा सोलापुरातच झालेली, आपल्या लोकांना हे माहीत पाहिजे.)

विजापूरवेस
सांगितलं म्हणजे सुटला का बे? त्यानं सांगितलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं, तिला विचारलं थोडीच.
शेंगाचटणी ताई, तुम्ही अर्थ हा हिंदी पिक्चर बघा, तोही 1982 चाच. त्यात स्मिता पाटील, म्हणजे उंबरठातली सुलभाच, ती दुसरी बाई आहे आणि बायको शबाना. एकाच वर्षी एकच बाई दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि दोन्हीकडं तिचं दुःख खरं वाटतं, मला तर हे फार मोठं वाटतं. शेवटी नवरा परत यायला बघतो तेव्हा शबाना एवढंच विचारते, हेच मी केलं असतं तर तू मला घेतलं असतंस का? तो नाही म्हणतो. खोटं बोलत नाही तिथं. मग ती त्याला घेत नाही. हाच प्रश्न मिस्टरांना विचारा, भांडण म्हणून नाही, खरंच विचारा.

रूमवाला
मी तुमच्या मिस्टरांच्या जागेवरचा माणूस आहे. 6 वर्षं पुण्यात, तिघात एक रूम. मध्यंतरी ऑफिसातल्या एका बाईबरोबर रोज चहा व्हायला लागला, पुढं काही झालं नाही पण होऊ शकलं असतं, हे बायकोलाही सांगितलंय. ती दिसायला कशी वगैरे काही नव्हतं हो, ती विचारायची जेवलात का आणि उत्तर ऐकून घ्यायची. घरी फोन केला की मी हिशोब विचारायचो, बायको हिशोब द्यायची. आणि तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही की तिकडं तिलाही कुणी जेवलीस का विचारत नसेल. एकटं फक्त मीच आहे असं वाटायचं.

शेंगाचटणी
सगळ्यांचं वाचलं. रूमवाले दादा, तुमचं दोनदा वाचलं.
काल रात्री विचारलं. म्हटलं मी पुण्याला गेले असते आणि तुम्ही इथं 4 वर्षं, आणि मी सुभाषसारखं केलं असतं तर? बराच वेळ गप्प. मग पहिलं वाक्य काय, "तुला कुणी भेटलंय का?" मी म्हटलं नाही, पण तुमच्या मनात आधी हेच का आलं? ह्यावर परत गप्प, फोन मात्र ठेवला नाही. नंतर म्हणाले शनिवारी आल्यावर शेवट परत लावू, त्या दिवशी मी नीट बघितलाच नव्हता.