घाटाच्या रस्त्यासाठी इलेक्ट्रिक सायकल: हब मोटर घ्यावी की मिड-ड्राइव्ह?

चढाची धास्ती (प्रश्न)

रोज कामावर जाण्यासाठी इलेक्ट्रिक सायकल घेण्याचा माझा विचार आहे. स्कूटर नव्हे, पेडल मारले की मोटर हातभार लावते, ती सायकल. रस्ता एका बाजूने ९ किलोमीटरचा असून तेवढ्यात ४५० मीटर उंची चढावी लागते. पहिले साडेसात किलोमीटर चढ सौम्य आहे, परंतु शेवटचा दीड किलोमीटर सुमारे १२ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला बारा मीटर चढणारा आहे. माझे वजन ७८ किलो, पाठीवर पाचेक किलोंची पिशवी आणि उजवा गुडघा जुन्या दुखापतीमुळे नाजूक आहे. संध्याकाळी हाच रस्ता उतरायचा.

दोन सायकली मनात आहेत. पहिलीच्या मागच्या चाकात हब मोटर आहे. तिच्यावर ५०० वॉट लिहिलेले आहे आणि बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासांची आहे. दुसरीत पेडलच्या आसापाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर आहे. ती २५० वॉटची, बॅटरी ४०० वॉट-तासांची, आणि किंमत मात्र पहिलीपेक्षा बरीच जास्त. निम्म्या ताकदीच्या सायकलीला जास्त पैसे का मोजावेत, हे मला उमगत नाही.

दातेरी (उत्तर)

वॉटच्या आकड्यावरून तुलना करण्यात पहिली गफलत होते. एक विक्रेता मोटर सतत देऊ शकेल ती शक्ती लिहितो, तर दुसरा काही क्षणांपुरती मिळणारी कमाल शक्ती लिहितो. युरोपीय संघात साधी सायकल म्हणून चालवता येणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना सतत शक्तीची २५० वॉटची मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या नियमांना धरून बनवलेल्या मोटरींवर तोच आकडा असतो, मग चढावर क्षणभर त्या ५०० वॉटच्या पुढे का जाईनात. म्हणून आकडा बाजूला ठेवून तुमच्या चढाला प्रत्यक्षात किती शक्ती लागते ते पाहू.

तुम्ही, पिशवी आणि चोवीस-पंचवीस किलोंची सायकल मिळून ११० किलो धरा. १२ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटर वेगाने जायला साधारण ३१५ वॉट लागतात. त्यातले १२० वॉट तुमच्या पायांनी दिले, तर मोटरकडून २०० वॉटही पुरेसे आहेत. म्हणजे दोन्ही मोटरी कागदावर उत्तीर्ण होतात. खरा प्रश्न त्या २०० वॉट कोणत्या फेऱ्यांवर देतात हा आहे.

हब मोटर चाकाबरोबरच फिरते. तिला गिअर बदलता येत नाहीत. ताशी ८ किलोमीटरला मोठे चाक मिनिटाला जेमतेम ६० फेरे घेते, आणि मोटर घडवलेली असते ती ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १९० फेऱ्यांसाठी. इतक्या मंद गतीत तिची कार्यक्षमता घसरते, बॅटरीतल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो, आणि तुमचा दीड किलोमीटर पार करायला अकरा मिनिटे लागतात. मिड-ड्राइव्ह मात्र साखळीतून जोर लावते. तुम्ही खालचा गिअर टाकला की मोटरही आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर राहते.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, बाबतीतही हीच सावधगिरी हवी. हबचे ४५ न्यूटन-मीटर थेट चाकावर मिळतात, तर मिड-ड्राइव्हचे ६० न्यूटन-मीटर क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर मोजलेले असतात. साखळीच्या पुढच्या चक्राला ३८ आणि मागच्या चक्राला ४६ दाते असतील तर चाकावर सुमारे ७२ पोहोचतात. पण मागे १९ दात्यांवरच राहिलात तर ३० उरतात. थोडक्यात, मिड-ड्राइव्ह घेऊन गिअर न बदलणारा माणूस पैसे वाया घालवतो.

पाऊलवाट (उत्तर)

वरील हिशोब मी स्वतः अनुभवलेला आहे. माझी पहिली सायकल हब मोटरची होती. लांब, खड्या चढावर साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला मोटर तापून कंट्रोलर (तिचा वीजपुरवठा सांभाळणारे यंत्र) तिची शक्ती कमी करी, आणि मग पंचवीस किलोंचे लोढणे स्वतःच्या पायांनी ओढावे लागे. गुडघा नाजूक असेल तर नेमक्या त्याच ठिकाणी साहाय्य आटणे परवडणारे नाही.

गुडघ्याच्या दृष्टीने, मोटरने केव्हा साथ द्यायची ते ठरवणारा सेन्सरही पाहा. साधा सेन्सर पेडल फिरते आहे एवढेच ओळखतो, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघताना पेडल थोडे फिरेपर्यंत सगळा भार तुमच्यावर येतो. टॉर्क सेन्सर पायाचा दाब ओळखून लगेच साथ देतो.

तेलकट हात (उत्तर)

हब मोटरला इतके झोडपू नये, असे मला वाटते. तिचा जोर साखळीवर येत नाही, म्हणून साखळी आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) जास्त टिकतात. मिड-ड्राइव्हवर भाराखाली गिअर बदलण्याची सवय असेल तर त्या लवकर झिजतात. गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडावा, एवढे पथ्य पाळले तरी फरक पडतो. साखळी तुटली तरी थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवण्याची सोय) असलेली हब सायकल घरी आणते, मिड-ड्राइव्ह तिथेच अडते. उलट, मागच्या चाकात मोटर असली की पंक्चर काढताना वायर सोडवणे आणि आसाचे नट खोलणे हा एक व्याप होऊन बसतो. ३-४ टक्क्यांच्या चढउतारांसाठी मी आजही हबच सुचवीन. प्रश्नकर्त्याचा शेवटचा दीड किलोमीटर मात्र त्या हिशोबात बसत नाही, हे मान्य. पुढच्या चाकातली मोटर कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नकार द्या. खड्या चढावर भार मागे जातो आणि ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर पुढचे चाक जागच्या जागी फिरते.

चढाची धास्ती

सर्वांचे आभार. वॉटच्या आकड्याने माझी चांगलीच दिशाभूल केली होती. आता दोन शंका राहतात. दुसऱ्या सायकलीची ४०० वॉट-तासांची बॅटरी पुरेल का? आणि उतारावर ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते असे ऐकले आहे, तो लाभ सोडून द्यावा का?

दातेरी

११० किलो वजन ४५० मीटर वर न्यायला १३५ वॉट-तास लागतात. घर्षण आणि हवेचा विरोध धरून साधारण १७०. पाऊण तासात सरासरी १०० वॉट देऊन तुम्ही त्यातले सत्तरेक भराल. उरलेल्या शंभरासाठी मोटर आणि कंट्रोलरमधील तूट धरता बॅटरीतून १३०-१४० जातील. उतरताना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ४०० ची बॅटरी दिवसाआड चार्ज केली तरी भागेल, अगदी थंडीत क्षमता कमी झाली आणि बॅटरी काही वर्षे जुनी झाली तरी रोजच्या एका फेरीची चिंता नाही. पहिल्या सायकलीची बॅटरी ५०४ (३६ गुणिले १४) वॉट-तासांची असली तरी तुमच्या चढावर हब मोटर तिच्यातून जास्त वीज खाईल, त्यामुळे दिसते तेवढी आघाडी तिच्याकडे नाही.

उतारावर चार्ज होण्याची सोय गिअरविरहित, थेट फिरणाऱ्या हब मोटरीतच सहसा मिळते आणि सायकलीवर तिची मिळकत किरकोळ असते. मिड-ड्राइव्हमध्ये उतारावर फ्रीव्हीलमुळे, म्हणजे पेडल थांबले तरी चाक मोकळे फिरू देणाऱ्या रचनेमुळे, चाक मोटरला फिरवतच नाही.

तेलकट हात

बॅटरीपेक्षा उतरताना ब्रेकची काळजी करा. वर नेताना साठवलेली ऊर्जा खाली येताना मुख्यतः ब्रेकच्या चकतीतून उष्णता होऊनच बाहेर पडते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत आणि पुढची चकती १६० ऐवजी १८० मिलिमीटरची असावी. तुमच्यासारख्या उतारावर मी सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड वापरतो. ते थोडा आवाज करतात, पण तापल्यावर लवकर हार मानत नाहीत. ब्रेक सतत हलके दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून पूर्ण सोडावेत, म्हणजे चकतीला गार व्हायला वेळ मिळतो.

चाचणी मागाल तेव्हा पिशवी पाठीवर घेऊनच जा, आणि चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबून पुन्हा निघून पाहा.

चढाची धास्ती

तशी चाचणी आज मागितली. मिड-ड्राइव्हवाल्याने लगेच होकार दिला. हबवाला म्हणतो, दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर हवी तितकी चालवा.