आजवरची सर्वांत थोर मोटारगाडी कुठली? आपापल्या अनुभवासकट सांगा

१९९९ च्या डिसेंबरात लास वेगासला 'शतकातली गाडी' जाहीर झाली. मोटार-पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने लावलेला क्रम असा: फोर्ड मॉडेल टी, मिनी, सित्रोएन डीएस, फोक्सवॅगन बीटल, पोर्शे ९११. ही यादी तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे आणि तिच्याशी भांडावंसं वाटतं. निव्वळ वेग बघायचा तर १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटर गाठलेली मॅक्लॅरेन एफ१ त्यात नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. जिच्यामुळे पुढच्या गाड्या बदलल्या, नाहीतर माणसांचं जगणं बदललं, ती थोर. माझं मत मॉडेल टीला. पण ती चालवलेल्या कुणीतरी लिहावं, म्हणून हा धागा. अट एकच: गाडी चालवलेली, उघडलेली, निदान जवळून पाहिलेली असावी.

सांगली

आमचं गॅरेज वडिलांपासूनचं. माझं मत जीपला. १९४१ पासून अमेरिकेच्या लष्करासाठी विलीजनं बनवली, फोर्डनंही बनवली, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. लढाईसाठी केलेली गाडी, पण आमच्याकडं तिनं वडाप केलं, म्हणजे माणसं भरून भाड्यानं नेली. एसटी दिवसातनं एकदा यायची अशा गावांना दवाखाना, बाजार, कॉलेज जीपनं जवळ केलं. दहा माणसं आत, चार मागं लोंबकळत, वर टपावर भाजीच्या पाट्या. एवढ्या वजनानं पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तुटायचेच. मग जॅक लावायचा, यू बोल्ट सोडायचे, मधला बोल्ट काढायचा, तुटलेलं पान बाजूला करायचं आणि जुन्या पाट्यातलं मापाचं पान घालून परत आवळायचं. सकाळी आलेली जीप दुपारच्या फेरीला जायची. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी त्याच सांगाड्यात डिझेल इंजिनं बसवली, तीही तिनं मानली. आता स्कॅनर लावल्याशिवाय गाडीला काय झालंय ते कळत नाही. जी गाडी तालुक्याच्या मिस्त्रीला पूर्ण समजते, तिच्याएवढी मोठी गाडी मी मानत नाही.

डिअरबॉर्न, मिशिगन

मॉडेल टीबद्दल मी लिहितो. इथल्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात तिच्यातून फेरी मारता येते, पण मला एका क्लबवाल्या मित्राने चालवायला दिली. आपल्याला येणारं ड्रायव्हिंग तिथे उपयोगाचं नाही. खाली तीन पेडल आहेत, त्यात ॲक्सिलरेटर नाहीच. तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर, हाताने. डावं पेडल पूर्ण दाबून धरलं की पहिला गिअर, अर्धवर न्यूट्रल, सोडून दिलं की वरचा. मधलं पेडल रिव्हर्स आणि उजवं ब्रेक. पाय सवयीने ब्रेकसाठी मधल्या पेडलकडे जातो, म्हणून मित्र शेजारी बसून एकसारखं "उजवं, उजवं" म्हणत होता. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही; पेट्रोल उताराने इंजिनात येतं. टाकीत कमी पेट्रोल असलं की खड्या चढावर ते पुढे पोचायचं नाही, म्हणून लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे!

१९०८ मध्ये ती ८५० डॉलरला होती, १९२५ पर्यंत सर्वांत स्वस्त मॉडेल २६० वर आलं. फोर्डच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जोडणी (गाडी पुढे सरकते, कामगार जागेवर) सुरू झाली आणि साडेबारा तासांचं चॅसीचं, म्हणजे सांगाड्याचं काम पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आलं. त्या कामाच्या रेट्याने कामगार टिकेनात, म्हणून १९१४ मध्ये फोर्डने रोज ५ डॉलर देऊ केले. बनवणाऱ्याला स्वतः बनवलेली वस्तू विकत घेता येऊ लागली, हे मला गाडीइतकंच मोठं वाटतं. १९२७ पर्यंत दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या.

मस्कत

टोयोटा लँड क्रूझर. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची आणि निघायचं. आमच्या साइटवर पाण्याचे कॅन, रेशन आणि आजारी माणूस, सगळं तिच्यावरच अवलंबून. माझं मत पक्कं आहे.

मानहाइम, जर्मनी

दीड कोटीचा आकडा मोठा आहेच, पण बाजार आहे हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं. मी राहते त्या शहरातून १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्डला, घेऊन निघाली. नवऱ्याला न सांगता, त्याचीच तीन चाकी गाडी काढून, माहेरी फोर्त्सहाइमला. शंभरेक किलोमीटर. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट मिळवलं होतं, पण गाडी कुणी विकत घ्यायला तयार नव्हतं.

त्या वाटेवर आता खुणेच्या पाट्या आहेत. मी सायकलने काही टप्पे केले. वीसलोखला औषधांचं दुकान आहे, तिथे तिने लिग्रोइन घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रावण, तेच तिचं इंधन. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून मोकळी केली, उघडी पडलेली तार मोज्याच्या बंधाने गुंडाळली. ब्रेकचे लाकडी ठोकळे उतारावर झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं तिने सुचवलं. म्हणजे गाडीची पहिली खरी चाचणी एका बाईने घेतली आणि सुधारणाही सांगितली. संग्रहालयात त्या गाडीची प्रतिकृती बघताना तिच्यामागचं आडवं, उघडं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, बघा. हातभर अंतरावर ते फिरत असताना दोन मुलांसह दिवसभर बसायचं होतं तिला. पोर्शे ९११ यादीत आणि ही नाही, हे मला पटत नाही.

परळ, मुंबई

वडील टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी, पण घरात आणि नाक्यावर तिला कायम फियाटच म्हणत. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली. मीटर बाहेर डाव्या अंगाला. गिऱ्हाईक बसलं की वडील आडवे होऊन खिडकीतून हात काढत आणि मीटर डाऊन करत. गिअरची दांडी स्टिअरिंगला असल्यामुळे पुढची सीट सलग. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या शेजारी आणि माझ्या शेजारी आणखी एक गिऱ्हाईक. पावसात डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागात) पाणी गेलं की टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसायचं, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचा, गाडी चालू. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. जगाच्या यादीत ती येणार नाही, मला माहीत आहे. पण आम्हा तिघा भावंडांचं शिक्षण तिने केलं, म्हणून तिचं नाव इथे असलंच पाहिजे.

नागपूर

मी अपघात विभागात शस्त्रक्रिया करतो. वरच्या बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचा पट्टा नव्हता. स्टिअरिंगवर आदळून मोडलेल्या फासळ्या आणि काचेने चिरलेले चेहरे मी ज्या काळात शिकलो तेव्हा रोजचे होते. व्होल्वोचे निल्स बोहलिन आधी साब कंपनीत विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करत. त्यांनी खांदा आणि कंबर एकाच पट्ट्यात धरणारा, कमरेशेजारी एका हाताने लावता येणारा पट्टा केला. १९५९ मध्ये तो व्होल्वोच्या ॲमेझॉन आणि पीव्ही५४४ मध्ये आला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मी ॲमेझॉन स्वीडनमध्ये पाहिली, ओढून लावलेला तो पट्टा आजच्यासारखाच बसतो. त्यानंतरची प्रत्येक गाडी तिची ऋणी आहे.

पुणे

मी अभियांत्रिकी शिकवतो. १९५६ च्या सुएझ संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, त्यातून अभियंता ॲलेक इसिगोनिसने १९५९ मध्ये मिनी उभी केली. इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या भांड्यात (सम्पमध्ये), चाकं दहा इंची. जेमतेम तीन मीटर लांबीत चार मोठी माणसं बसली. मी मुलांना मारुती ८०० चं बॉनेट उघडून देतो आणि विचारतो, इंजिन आडवं का? १४ डिसेंबर १९८३ ला पहिली ८०० दिल्लीत ग्राहकाच्या हाती गेली आणि २०१४ पर्यंत ती निघत राहिली. तिच्या मुळाशी मिनी आहे.

नाशिक

पुणेकर, इथे मला हरकत आहे. त्याच ८०० खाली वाकून बघा: गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नाही, टोकाला जोडलेला आहे आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट लांबीला वेगवेगळे आहेत. ही मांडणी मिनीची नव्हे. ती फियाटचे अभियंते दान्ते जिआकोसांनी १९६४ मध्ये आउतोबियांकी प्रिमुलात आणली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये पक्की केली. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं राहिलं, क्लचचं काम सोपं झालं, खर्च आटोक्यात आला. म्हणून आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या अशाच आहेत. आणि परळकरांसाठी: तुमच्या पद्मिनीचं मूळ, १९५३ ची फियाट ११००, तीही याच जिआकोसांच्या हाताखाली तयार झाली. तुमच्या वडिलांची टॅक्सी आणि तिच्यानंतर आलेली ८००, दोन्हींमागे एकच माणूस आहे. इटलीत एका मेळाव्यात मी १२८ च्या बॉनेटखाली बराच वेळ डोकं घालून उभा होतो. माझं मत १२८ ला, आणि १९९९ च्या पहिल्या पाचांत ती नसणं ही त्या यादीतली सर्वांत मोठी चूक.